हुंदक्याची नक्कल

सुरेंद्रला कुणी विचारलं, की हा अळुगै भागवतर तुम्हाला सापडला तरी कुठं, की तो ठरलेलं उत्तर द्यायचा. "मायवरमच्या बसमध्ये." मग जरा थांबून, "शेजारी एक म्हातारा बसला होता हो. नाव विचारायचं राहूनच गेलं." मासिकवाले ते लिहून घ्यायचे, फोटो काढायचे आणि जायचे. धडधडीत खोटं! बस नाही, म्हातारा नाही, मायवरमचा तर संबंधच नाही. पण एकदा खपलेलं खोटं दुसऱ्यांदा सांगताना जीभ अडखळत नाही, आणि सुरेंद्र तर जिभेवरच पोट भरणारा माणूस.

अळुगै भागवतर म्हणजे रडका कीर्तनकार. मद्रासच्या सभांमधल्या, म्हणजे तिथल्या नाट्य-संगीत मंडळांच्या, विनोदी नाटकांत सुरेंद्र बरीच वर्षं कारकून, सोयरा, हवालदार असली चिल्लर कामं करत होता. बँकेतून सुटला की तोंडाला रंग, रंग उतरला की पुन्हा बँक. एकदा एका नाटकात पडदा अडकून बसला, म्हणून त्यानं पडद्यापुढं येऊन हा भागवतर करून दाखवला. हनुवटी थरथरवायची, नाकातून श्वास वर ओढत 'हुप्' असा एक विचित्र आवाज काढायचा, उपरण्याच्या टोकानं एकच डोळा पुसायचा, तोवर डोक्यावरचं पागोटं घसरतं, ते सावरायला हात वर गेला की हातातल्या चिपळ्या पागोट्यावर छन्न वाजतात. रामाच्या वनवासाचं दुःख आणि मध्येच छन्न! लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. त्यातच घरोघर केबल आली, खासगी वाहिन्या आल्या, त्यांना हसवणारी माणसं हवी होती. दर गुरुवारी संध्याकाळी अळुगै भागवतर तमिळनाडूभर रडू लागला आणि सुरेंद्रनं बँकेचा राजीनामा दिला. शाळेतली पोरं छडी खाल्ली की 'हुप्' करून एकच डोळा पुसायची, इतका तो भागवतर गाजला.

आता खरं सांगायचं तर हा हुंदका सुरेंद्रच्या काकांचा होता. तंजावरच्या राजवाड्याच्या मागल्या गल्लीत राहणारे कृष्णस्वामीबुवा, सुरेंद्रचे सख्खे काका. आई-बाप गेल्यावर ज्यांनी त्याला घरी आणलं, जेवू घातलं, शिकवलं, ते हे काका. नोकरी ओरत्तनाडूच्या शाळेत मास्तरकीची, पण कीर्तन वडिलांकडून आलेलं. कथा तमिळमध्ये सांगायची, मध्ये साक्या, दिंड्या, अभंग मराठीत म्हणायचे, हा तंजावरचा जुना प्रघात. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना मराठी कळायचं नाही, पण काका रडले की सगळ्यांना कळायचं. सुरेंद्र लहानपणी काकांच्या मागं झांज घेऊन उभा राहायचा. तिथून, पाठीमागून, त्यानं तो हुंदका इतक्या वेळा पाहिला होता, की काकांच्या खांद्यांवरून त्याला कळायचं, आता येणार. आणि तो आला की झांज धरलेलं ते पोरही रडायचं. हसू? छे! हसू कधीच नाही. हसू त्या हुंदक्यात आहे हे सुरेंद्रला पुष्कळ वर्षांनी, मद्रासला, पडदा अडकला त्या दिवशी सुचलं.

सुरेंद्र काही नीच माणूस नव्हता. त्यानं मनाची समजूत घातली होती, की काकांच्या घरी टीव्ही नाही, काका सिनेमा-नाटकाला जात नाहीत, त्यांना कळणारच कसं? पण पोंगलला तो तंजावरला आला तेव्हा समोरच्या वेंकटरावांनी नवाकोरा रंगीत टीव्ही घेतला होता आणि दिवस नेमका गुरुवार. "बुवा, तुमचा पुतण्या दाखवतों, या!" म्हणून वेंकटराव काकांना हाताला धरून घेऊन गेले. काकी गेली, मागोमाग सुरेंद्रला जावं लागलं.

टीव्हीवर भागवतर रडला. छन्न वाजलं. आणि काका हसले! हसले म्हणजे किती? नेसलेल्या वेष्टीचा सोगा तोंडावर दाबून, खुर्चीचा हात धरून, पुरेवाट होईपर्यंत हसले. "अय्यो सुरेंद्रा, असा माणूस तुजला कोठें भेटला रे? एकदां मजलाही दाखव त्यास!"

सुरेंद्रच्या तोंडून आपसूक निघालं, "मायवरमच्या बसमध्यें."

"तरीच! मायवरमची माणसें फार हळवीं," काका डोळे पुसत म्हणाले. उपरण्याच्या टोकानं, एकच डोळा.

वेंकटरावांनी ते पाहिलं नाही. काकीनं पाहिलं. ती उठली, दूध वर येईल म्हणाली आणि घरी निघून गेली. दूध वगैरे काही चुलीवर नव्हतं. सुरेंद्र मागं गेला तर ती स्वयंपाकघरात नुसती उभी होती.

"तूंच केलेंस ना हें?" ती म्हणाली. कमलाक्षीकाकी कधी आवाज चढवायची नाही, तेव्हाही चढवला नाही. "त्यांचें रडणें विकून आलास."

"काकी, लोकांना कोठें ठाऊक आहे..."

"आज नाहीं. उद्यां होईल. त्यांस ओळख पटली नाहीं, कां कीं आपण रडतों कसे तें कोणास दिसतें? पण लोकांच्या तोंडून कळण्याआधीं तूं सांग. तुझ्या तोंडून कळलें तर ते तुजला माफ करतील. मी ओळखतें त्यांस."

"सांगतों," सुरेंद्र म्हणाला. आणि सांगितलं नाही. जेवताना काका खुशीत होते, म्हणून नाही. सकाळी पूजेला बसले होते, म्हणून नाही. निघताना बसची वेळ झाली होती, म्हणून नाही. अहो, टाळायचंच म्हटलं की माणसाला कारणांचा काय तोटा? मद्रासला पोचल्यावर त्यानं ठरवलं, रामनवमीला सांगू.

रामनवमीला गल्लीतल्या मठात नऊ दिवस काकांची कीर्तनं असायची. त्या वर्षी मठाचे पंच गुरुमूर्ती यांनी मद्रासला फोन केला. "तुम्ही आलात तर गर्दी होईल. हल्लीं कीर्तनाला येतो कोण? सगळे टीव्हीसमोर. वनवासाच्या कथेच्या दिवशीं मध्यंतराची माळ तुमच्या हातून घालायची आहे." कीर्तनाचा पूर्वरंग संपला, की कीर्तनकाराला बुक्का लावून गळ्यात माळ घालायची, मगच उत्तररंगाची कथा सुरू व्हायची, ही रीत. माळ घालायला गावातला कुणीतरी मानाचा माणूस बोलावतात. आपल्या काकांना आपल्या हातानं माळ घालायची! सुरेंद्रला भरून आलं. वाटलं, एवढा मान काकांना आपल्यामुळं मिळतोय, तर आपलं पाप थोडं फिटेल. हो म्हणाला. आणि सांगायचं ते माळ घालून झाल्यावर, कीर्तन आटोपल्यावर, निवांत सांगू असंही ठरवून टाकलं. ह्या माणसानं आयुष्यात इतकी गाढव चूक दुसरी केली नसेल.

मठ फुलून गेला होता. बाहेरच्या ओट्यावर, तिण्णैवर पोरं, खिडक्यांत पोरं. काकांना कौतुक वाटत होतं, ते पूर्वरंग रंगून सांगत होते. मग माळेची वेळ आली. सुरेंद्र पुढं गेला तशा टाळ्या, शिट्ट्या. त्यानं काकांच्या कपाळाला बुक्का लावला, गळ्यात माळ घातली आणि लोकांकडं तोंड करून दोघं शेजारी उभे राहिले. एक पागोट्यातला, एक बोडका. नाक तेच, हनुवटी तीच, उभं राहण्याची ढबही तीच. समोर बायकांत बसलेली काकी मान हलवत होती, नको, नको, खाली ये. सुरेंद्रला ते दिसलं तेव्हा उशीर झाला होता. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली होती. मोठी माणसंही एकदा ह्या तोंडाकडं, एकदा त्या तोंडाकडं बघत होती.

उत्तररंग सुरू झाला. राम वल्कलं नेसला. कौसल्या दाराशी आली. सुरेंद्र पहिल्या रांगेत बसला होता. त्याला काकांचे खांदे दिसले आणि त्यानं मनात धावा केला, रामा, आज नको, आज एक दिवस नको. पण काका काय मुद्दाम थोडेच रडत? हनुवटी थरथरली. 'हुप्' झालं. उपरण्याचं टोक डोळ्याला लागलं. पागोटं घसरलं आणि चिपळ्या वाजल्या, छन्न.

मठ खदखदून हसला. पोरं उड्या मारत होती. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. रोज काकांबरोबर रडणारे वेंकटराव, तेसुद्धा मान खाली घालून गदगदत होते. काका थांबले. आधी त्यांनी वेष्टी पाहिली, सुटलीबिटली का. मग मागं वळून झांजवाल्याकडं पाहिलं. मग एका पोरानं उभं राहून नाकातून 'हुप्' केलं आणि एकच डोळा पुसला, तेव्हा त्यांनी त्या पोराकडं नीट पाहिलं. आणि मग सुरेंद्रकडं.

सुरेंद्रनं मान खाली घातली. वर बघायची छाती झाली नाही.

काकांनी कीर्तन पुरं केलं. मंगल आरती झाली. कीर्तन संपलं, की लहानथोर सगळ्यांनी कीर्तनकाराच्या पाया पडायचं, ह्यात सूट नाही. सुरेंद्रही रांगेतून गेला, वाकला. काकांनी नेहमीसारखं उठवून पोटाशी धरलं. त्यांनी चारचौघांत थोबाडीत मारली असती तर सुरेंद्रनं ती देवाचा प्रसाद म्हणून घेतली असती.

सकाळी काका तिण्णैवर बसले होते. काकीनं दोघांच्या पुढं काप्पीचे पेले आदळले आणि आत गेली.

"काका," सुरेंद्र म्हणाला, "तें मी तुमचेंच केलें. मायवरम, बस, सगळें खोटें. मी तुमचें रडणें लोकांना हसायला दिलें. पोंगललाच सांगणार होतों. धीर झाला नाहीं. मजला काय शिक्षा करायची ती करा." बोलता बोलता त्याला रडू फुटलं.

काकांनी पेला खाली ठेवला. "मी तसा दिसतों?"

"काका..."

"नाहीं, विचारतों. खरेंच तसा दिसतों रडतांना?"

"लहानपणीं मजला कधीं हसूं आलें नाहीं हो. रडूंच यायचें."

"हं." काकांनी गल्लीकडं पाहिलं. सायकलवरून जाणाऱ्या दोन पोरांनी त्यांना पाहून नाकातून आवाज काढला आणि ती जोरात पायडल मारून पळाली. काका म्हणाले, "मजला हसले त्याचें कांहीं नाहीं. मीही नव्हतों कां हसलों वेंकटरावाच्या घरीं? पण कौसल्या दाराशीं उभी होती रे, सुरेंद्रा. पोटचा पोर रानांत निघालेला. तेथें हसूं नये कोणी. आणि आज भरतभेट."

भरतभेट म्हणजे काकांच्या कीर्तनांतली कळसाची कथा. भरत रामाचे पाय धरतो तिथं काका रडले नाहीत असं एक वर्ष गेलं नव्हतं.

"आज कीर्तन नको करूं," सुरेंद्र घाईनं म्हणाला, मग स्वतःलाच सावरून, "म्हणजे, नका करूं. मी गुरुमूर्तींना सांगतों, बरें नाहीं म्हणून."

"बापजाद्यांपासून कधीं गादी रिकामी ठेवली नाहीं. ती मी ठेवूं?" काका प्रथमच चिडले. मग सुरेंद्रच्या गुडघ्यावर हात ठेवून अगदी साधेपणानं म्हणाले, "तुम्हां नटांस रडूं आवरतां येत असेल. नाटकांत कधीं खरेंच रडूं यायला लागलें तर काय करतां? कांहीं युक्ति असेल. ती मजला शिकव."

सुरेंद्रला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. "काका, तसलें तुम्हांस नको."

"मग काय लोकांनीं भरतास हसावें? तूं हसायला शिकवलेंस, आतां तूंच कांहीं करून दे."

सुरेंद्र शिकवू लागला. जीभ टाळ्याला घट्ट लावायची. पायाची बोटं जमिनीत रोवायची. समोरच्या माणसाचे डोळे बघायचे नाहीत, भिंतीवरचा एखादा खिळा धरून ठेवायचा. "आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे काका, मन तेथें ठेवायचेंच नाहीं. तोंडानें बोलत राहायचें, मनांत दुसरेंच कांहीं घोकायचें. रुक्ष असें. मी बँकेतलीं खात्यांचीं नांवें घोकतों."

"मी काय घोकूं?"

"रोजचें कांहींतरी. पाठ असलेलें."

काकांनी विचार केला. "ओरत्तनाडूच्या बसचे थांबे?"

"चालेल," सुरेंद्र म्हणाला. काका शाळेतल्या पोरासारखे जीभ टाळ्याला लावून बसले. तिण्णैवर बसून त्यांनी भरतभेटीची ओवी म्हणून बघितली. पहिल्यांदा हनुवटी हललीच. "पुन्हां," ते म्हणाले. दुसऱ्यांदा कमी हलली. तिसऱ्यांदा नाही. दाराआडून काकी बघत होती. तिनं उंबऱ्यात येऊन विचारलं, "काय चाललेंय हें?" काकांनी तिला हातानं गप्प केलं. त्यांना लय सोडायची नव्हती.

संध्याकाळी मठाबाहेर रस्त्यापर्यंत माणसं. कुंभकोणम रोडवरून, पलीकडच्या खेड्यांतून मोपेडवर बसून आली होती. ही गर्दी काही भरताला भेटायला आली नव्हती. सुरेंद्रनं झांज मागून घेतली आणि लहानपणच्या जागी, काकांच्या मागं उभा राहिला. कुणी हसलंच तर निदान पुढून बघायला नको.

काकांनी कथा उभी केली. चित्रकूट, धुळीनं माखलेला भरत, झाडाखाली बसलेला राम. आवाज खणखणीत होता. पोरं पुढं सरकली. भरत धावला, कोसळला, त्यानं रामाचे पाय धरले. सुरेंद्र काकांच्या खांद्यांकडं बघत होता. खांदे हलले नाहीत. पागोटं जागच्या जागी. ओवी स्वच्छ, सुरेल, एकही अक्षर न थरथरता निघून गेली.

कुणी हसलं नाही. सुरेंद्रचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं समोर पाहिलं. वेंकटराव घड्याळ बघत होते. एक पोर आईला विचारत होतं, कधी करणार गं ते? खांबाजवळच्या म्हाताऱ्या, दरवर्षी भरतभेटीला डोळ्यांना पदर लावणाऱ्या, हातातला पदर तसाच मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मागची माणसं चपला शोधायला उठली. काकी उठली नाही. ती गर्दीतून सरळ सुरेंद्रकडं बघत होती, आणि आरतीच्या वेळी त्याच्या शेजारी आली तेव्हा तिचा आवाज फुटला.

"काय केलेंस रे त्यांना?"

झांज खाली ठेवून सुरेंद्र रांगेत उभा राहिला. रांग आज छोटी होती. त्याची पाळी आली, तो वाकला, आणि काकांनी त्याला दोन्ही खांदे धरून उठवलं. घामानं डबडबलेले, पण तोंडावर पोरासारखा आनंद.

"एक माणूस हसला नाहीं! पाहिलेंस?"

"हो काका."

"जमलें कीं रे! भरतानें पाय धरले ना, तेव्हां मी सूरकोट्टैच्या बसथांब्यावर उभा होतों. कांहीं म्हणजे कांहीं वाटलें नाहीं." त्यांनी सुरेंद्रच्या कपाळाला बुक्का लावला, गालावरून हात फिरवला. "इतकें सोपें होतें तर आधींच शिकवायचें नाहींस कां? जन्मभर उगाच रडत बसलों."

आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला बुक्का लावायला ते वळले.